शेवटचा काळ आणि बारावीचा क्लास

पत्राचा सारांश: मध्य रेल्वेवरील एका उपनगरात राहणाऱ्या ख्रिस्ती भगिनीचे हे पत्र आहे. घरात पती, सासूबाई आणि बारावी विज्ञान शाखेत शिकणारी मुलगी. कुटुंब मूळचे नगर जिल्ह्यातले, तीन पिढ्या एकाच मराठी मंडळीचे, म्हणजे चर्चचे, सभासद. २०२१च्या एप्रिलमध्ये सासरे कोविडने वारले. दफनाला चौघांनाच परवानगी मिळाली आणि पतींना स्वतःला लागण झालेली असल्याने जाता आले नाही. पुढे काही महिन्यांनी त्यांना मोबाइलवर एका उपदेशकाचे व्हिडिओ कोणीतरी पाठवले, आणि आता रविवारी व बुधवारी रात्री ते त्या गटाच्या ऑनलाइन सभेला बसतात. उपदेशकाचे गणित असे: इस्राएलची स्थापना १९४८ साली झाली, बायबलमधले स्तोत्र ९० माणसाचे आयुष्य ऐंशी वर्षांचे सांगते, म्हणून २०२८पर्यंत सर्व पूर्ण होईल. आधारसाठी दिलेले बोटांचे ठसे आणि दुकानातले क्यूआर कोड ही बायबलच्या शेवटच्या, प्रकटीकरण या पुस्तकातल्या श्वापदाच्या चिन्हाची पूर्वतयारी, असेही तिथे शिकवले जाते. पतींनी पीपीएफमध्ये पैसे भरणे थांबवले आहे, गटाला दरमहा अर्पण जाते, आणि जे शिक्षण पूर्णच होणार नाही त्यावर खर्च कशाला, असे म्हणून मुलीच्या सीईटी क्लासचा पुढचा हप्ता भरायला ते तयार नाहीत. तुमची मंडळी झोपलेली आहे, असे त्यांनी आपल्या आईला सुनावले. एका संध्याकाळी मुलगी घरी आली तेव्हा आई आणि आजी भाजी आणायला गेल्या होत्या आणि फोन लागत नव्हते. सर्वांना ख्रिस्ताने स्वर्गात वर घेतले आणि आपण मागे राहिलो, या समजुतीने ती जिन्यात रडत बसलेली शेजाऱ्यांना सापडली. तेव्हापासून तिला नीट झोप नाही. पाळकसाहेबांना विचारले असता, या गोष्टी देवावर सोपवा, एवढेच उत्तर मिळाले. भगिनी विचारतात: यजमानांचे चुकत असेल, तर हे सर्व पवित्र शास्त्रात लिहिले कशासाठी? मी त्यांना अडवले तर माझाच विश्वास उणा ठरेल का? आणि त्यांच्या आग्रहाप्रमाणे मी त्या सभेला बसावे का?

प्रिय भगिनी,

तुमच्या तिन्ही प्रश्नांच्या मुळाशी एक गृहीत आहे आणि ते तुम्ही न तपासता स्वीकारले आहे, असे मला वाटते. जो अंतकाळाचे वर्ष सांगतो तो शास्त्र मनापासून मानतो आणि जी आई मुलीची फी भरू पाहते ती शास्त्रावर शंका घेते, असे ते गृहीत आहे. यजमानांनी वाद असा मांडला आणि तुम्ही त्याच मांडणीत उभे राहून स्वतःचा बचाव करू लागलात. तुमच्या मंडळीत प्रेषितांचा मतांगीकार म्हटला जातो, तेव्हा जिवंतांचा व मेलेल्यांचा न्याय करण्यासाठी ख्रिस्त पुन्हा येणार आहे, हे सारी मंडळी उभी राहून म्हणते. प्रभुभोजनाच्या विधीत ‘तो येईपर्यंत’ हे पौलाचे शब्द येतात. नाताळाआधीचा आगमनकाल बेथलेहेमातल्या जन्माबरोबरच पुनरागमनाचीही आठवण ठेवण्यासाठी पाळला जातो. तेव्हा सासूबाईंची मंडळी झोपलेली आहे, हा आरोप वस्तुस्थितीला धरून नाही. ख्रिस्त येणार की नाही, याबद्दल तुमच्या घरात मतभेदच नाही. मतभेद आहे तो एका माणसाने केलेल्या आकडेमोडीबद्दल, आणि तिच्या आधारे घरातल्या बाकीच्यांनी आपले आयुष्य थांबवावे का, याबद्दल.

ही आकडेमोड तपासायला बाहेरच्या विद्वानाची गरज नाही. ज्या अध्यायांतून ती काढली आहे तेच पुरेसे आहेत. मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या २४व्या अध्यायात (मत्तय २४) येशू अंजिराच्या झाडाचा दाखला देतो. पालवी फुटली की उन्हाळा जवळ आल्याचे कळते, तसे या गोष्टी पाहाल तेव्हा ओळखा, आणि हे सर्व पूर्ण होईपर्यंत ही पिढी नाहीशी होणार नाही, असे तो म्हणतो. अंजीर म्हणजे इस्राएल, पालवी म्हणजे १९४८ आणि पिढी म्हणजे ऐंशी वर्षे, हे तिन्ही अर्थ उपदेशकाने स्वतः घातलेले आहेत. त्या दाखल्यात यांपैकी एकही लिहिलेला नाही. हाच दाखला लूकच्या २१व्या अध्यायात आहे आणि तिथे अंजिराबरोबर इतर सर्व झाडांकडेही पाहा, असे म्हटले आहे. मग ती सर्व झाडे म्हणजे कोणती राष्ट्रे आणि त्यांची स्थापना कोणत्या साली झाली, असे विचारले की गणित तिथेच अडते. ऐंशीचा आकडा ज्या स्तोत्रातून घेतला ती मोशेची प्रार्थना आहे. माणसाचे आयुष्य सत्तर वर्षांचे, शक्ती असल्यास ऐंशी वर्षांचे, आणि तेही कष्टाचे, एवढेच ती म्हणते. जगाच्या शेवटाचा तिथे विषयच नाही. उलट दोन वचनांनी पुढे, आम्हाला आमचे दिवस गणायला शिकव म्हणजे आम्हाला सुज्ञ अंतःकरण लाभेल, अशी विनंती येते. त्या स्तोत्रात मोजायला सांगितले आहेत ते आपल्या स्वतःच्या आयुष्याचे दिवस.

याच मत्तय २४मध्ये, अंजिराच्या दाखल्याला लागूनच, त्या दिवसाविषयी आणि घटकेविषयी स्वर्गातल्या दूतांनाही ठाऊक नाही, फक्त पित्याला ठाऊक आहे, असे वचन आहे. मार्कच्या १३व्या अध्यायात तर पुत्रालाही ठाऊक नाही, असे स्पष्ट म्हटले आहे. यावर तुमचे यजमान कदाचित असे उत्तर देतील की दिवस आणि घटका कळणार नसली तरी वर्ष कळू शकते. हा युक्तिवाद फार जुना आहे आणि प्रेषितांच्या कृत्यांचा पहिलाच अध्याय त्याला जागा ठेवत नाही. स्वर्गारोहणापूर्वी शिष्यांनी नेमके हेच विचारले होते आणि काळ व समय जाणणे तुमच्याकडे नाही, हे पित्याने स्वतःच्या अधिकारात ठेवले आहे, असे उत्तर त्यांना मिळाले. वर्ष हाही काळच आहे.

१९४८मध्ये ऐंशी मिळवण्यापूर्वी लोकांनी चाळीस मिळवून पाहिले होते. पिढी चाळीस वर्षांची धरून अमेरिकेत अनेकांनी १९८८ हे वर्ष सांगितले. ते उलटल्यावर पिढीची लांबी वाढवण्यात आली. त्याही आधी विल्यम मिलर या बाप्टिस्ट उपदेशकाने दानीएलच्या आठव्या अध्यायातले २३०० दिवस म्हणजे २३०० वर्षे मानून इ.स.पू. ४५७पासून मोजणी केली आणि त्याच्या अनुयायांनी शेवटी २२ ऑक्टोबर १८४४ ही तारीख धरली. काही शेतकऱ्यांनी शेतातले पीकही काढले नाही. ती तारीख सरली, आणि ही घटना इतिहासात ‘महानिराशा’ या नावानेच ओळखली जाते. कॅलिफोर्नियातले रेडिओ-उपदेशक हॅरल्ड कॅम्पिंग यांनी २१ मे २०११ सांगितली, मग २१ ऑक्टोबर. त्यांच्या काही श्रोत्यांनी आयुष्यभराची बचत जाहिरातफलकांवर घातली होती. पुढच्या वर्षी कॅम्पिंग यांनी आपले विधान चुकीचे आणि पापाचे होते, असे जाहीर केले. ही माणसे लबाड होती, असे मी म्हणत नाही. मिलर प्रामाणिक मनुष्य होता आणि तुमचे यजमानही प्रामाणिक आहेत, पण प्रामाणिकपणाने गणित बरोबर ठरत नाही.

आता काळाची लक्षणे पूर्वी कधी नव्हती इतकी दिसत आहेत, असेही तुम्हाला ऐकवले जात असेल. मुंबईत राहणाऱ्या माणसाने तरी हे सहज मान्य करू नये. १८९६च्या सप्टेंबरात मांडवीत प्लेग सुरू झाला आणि काही महिन्यांत लाखो लोक हे शहर सोडून गेले. १९१८मध्ये महायुद्ध संपता संपता इन्फ्लुएंझाने घरेच्या घरे रिकामी केली. तेव्हाच्या मराठी ख्रिस्ती माणसांच्या हातातही मत्तय २४ होता. त्या अध्यायात येशू म्हणतो की तुम्ही लढायांविषयी आणि लढायांच्या अफवांविषयी ऐकाल, पण घाबरू नका, कारण एवढ्यात शेवट नाही. दुष्काळ आणि भूकंप हा वेदनांचा केवळ आरंभ आहे. जी यादी शिष्यांनी घाबरू नये म्हणून दिली, तिचाच कोणी भीतीचे घड्याळ म्हणून उपयोग करत असेल, तर तो शास्त्र अक्षरशः घेतो, असे मला म्हणता येणार नाही.

मग प्रकटीकरणाचे काय, असे तुम्ही विचारता. ते पुस्तक लिहिले कशासाठी?

ते पुस्तक आरंभीच सांगते की ते आशिया प्रांतातल्या सात मंडळ्यांना लिहिलेले पत्र आहे: इफिस, स्मुर्णा, पर्गम, थुवतीरा, सार्दीस, फिलदेल्फिया आणि लावदिकीया. ही सर्व ठिकाणे आजच्या तुर्कस्तानच्या पश्चिम भागात आहेत. स्मुर्णा म्हणजे आजचे इझमीर. बहुतेक अभ्यासक या पुस्तकाचा काळ सम्राट डोमिशियनच्या कारकिर्दीच्या अखेरीस, इ.स. ९५च्या आसपास धरतात. पर्गमात सम्राट औगुस्त आणि रोमा देवी यांच्या पूजेचे मंदिर इ.स.पू. २९पासून होते. इ.स. ११२च्या सुमारास, त्याच भागात उत्तरेकडे, प्लिनी नावाच्या रोमन सुभेदाराने सम्राटाला लिहिलेले पत्र उपलब्ध आहे. ख्रिस्ती असल्याचा आरोप आलेल्यांनी सम्राटाच्या पुतळ्यापुढे धूप आणि द्राक्षारस वाहिला आणि ख्रिस्ताला शाप दिला, तर आपण त्यांना सोडतो, असे तो कळवतो. अशा दबावाखाली जगणाऱ्या माणसांना ‘श्वापद’ म्हणजे काय, हे समजावून सांगावे लागत नव्हते. मुंबईच्या वर्तमानपत्रातल्या व्यंगचित्रात डरकाळी फोडणारा वाघ दिसला, तर तो बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानातून सुटला, असे इथला शाळकरी मुलगाही समजत नाही. पण दोन हजार वर्षांनी, दुसऱ्या खंडातल्या वाचकाच्या हाती तेच चित्र पडले, तर तो वाघांची संख्या मोजत बसेल. प्रकटीकरणाच्या बाबतीत आपण तो दूरचा वाचक आहोत. सुदैवाने ते पुस्तक काही चित्रांचा उलगडा स्वतःच करते. पहिल्या अध्यायात सात समया म्हणजे सात मंडळ्या असे सांगितले आहे, तर सतराव्यात श्वापदाची सात डोकी म्हणजे सात डोंगर आणि त्यावर बसलेली स्त्री म्हणजे पृथ्वीच्या राजांवर राज्य करणारे मोठे नगर, असे म्हटले आहे. सात टेकड्यांवरचे रोम त्या काळी कोणाला ठाऊक नव्हते? ६६६ या संख्येबाबतही, इब्री अक्षरांना असलेल्या अंकमूल्यांप्रमाणे ‘नेरो कैसर’ या नावाच्या ग्रीक वळणाची बेरीज ६६६ येते आणि काही प्राचीन हस्तलिखितांत आढळणारी ६१६ ही संख्या त्याच नावाच्या लॅटिन वळणाशी जुळते, हे स्पष्टीकरण बरेच अभ्यासक मान्य करतात.

चिन्हाची भीती तुमच्या मुलीपर्यंत पोहोचली असेल, म्हणून तिच्यासोबत एक गोष्ट करा. ज्यात ते चिन्ह येते तो प्रकटीकरणाचा तेरावा अध्याय वाचून तिथेच न थांबता सातवा आणि चौदावाही वाचा. देवाच्या सेवकांच्या कपाळावरही शिक्का आहे. कोकऱ्याचे, म्हणजे ख्रिस्ताचे, आणि त्याच्या पित्याचे नाव त्यांच्या कपाळावर लिहिलेले आहे. हा दुसरा शिक्का शाईचा किंवा संगणकाचा असेल, असे कोणताही उपदेशक म्हणत नाही. तो निष्ठेचे चित्र आहे, हे सर्वांना मान्य असते. मग पहिल्याच शिक्क्याला तेवढे यंत्र कशाला लागते? वडापावच्या गाडीवर क्यूआर कोड स्कॅन करून पंचवीस रुपये देताना तुमची मुलगी कोणाचीही उपासना करत नाही. काही दशकांपूर्वी बारकोडबद्दल हेच बोलले जात होते आणि आज तो बिस्किटाच्या प्रत्येक पुड्यावर आहे.

न्याय्य बोलायचे तर, यजमान ज्या चौकटीत विचार करतात ती मानणारे असंख्य भले विश्वासू लोक आहेत. आधी मंडळी वर घेतली जाईल, मग सात वर्षे महासंकट, मग हजार वर्षांचे राज्य, असा तो आराखडा आहे. पण ख्रिस्ती जगात तो एकमेव नाही आणि सर्वांत जुनाही नाही. दुसऱ्या शतकातले ख्रिस्ती लेखक जस्टिन मार्टर आणि इरेनियस पृथ्वीवरच्या हजार वर्षांच्या राज्याची वाट पाहत होते. पाचव्या शतकात बिशप ऑगस्टीनने ती हजार वर्षे म्हणजे मंडळीचाच चालू काळ, असा अर्थ लावला आणि कॅथलिक परंपरेने व पुढे अनेक प्रॉटेस्टंटांनी तो स्वीकारला. महासंकटापूर्वी मंडळी गुपचूप वर घेतली जाईल, ही शिकवण सुसंगत रूपात १८३०च्या दशकात जॉन नेल्सन डार्बी यांच्यापासून पसरली आणि १९०९च्या स्कोफील्ड यांच्या टिपांसह छापलेल्या बायबलने ती घरोघरी नेली. ही शिकवण मानणारे बहुतेक जबाबदार शिक्षकही तारीख सांगत नाहीत. आणखी एक बाब पाहा. मत्तय २४मध्ये दोघांतला एक घेतला जाईल आणि एक ठेवला जाईल, असे आहे, पण त्याच्या आधीच्याच वाक्यात नोहाच्या दिवसांत पूर आला आणि सर्वांना वाहवून घेऊन गेला, असे आहे. त्या पुरात मागे राहिला तो नोहा. म्हणून ‘घेतले जाणे’ चांगले की वाईट, यावरच भाष्यकारांत मतभेद आहेत. हे तुमच्या मुलीला जरूर सांगा. रिकाम्या घराची भीती ज्या वाक्यावर उभी आहे ते वाक्य तिला वाटते तितके सरळ नाही.

आता ज्या गोष्टीवर तुम्ही पत्रात एकच ओळ खर्च केली आहे, तिच्याकडे वळतो. तुमच्या यजमानांना वडिलांच्या दफनाला जाता आले नाही. हे तुम्ही पार्श्वभूमी म्हणून लिहिले आहे. मला मात्र तेच पत्राचे केंद्र वाटते. ज्या वचनावरून वर घेतले जाण्याची शिकवण निघाली ते थेस्सलनीकाकरांस पहिल्या पत्राच्या चौथ्या अध्यायात आहे, आणि ते शोकग्रस्त माणसांना लिहिलेले आहे. त्या मंडळीतली काही माणसे ख्रिस्त येण्याआधीच मरण पावली होती आणि मागे राहिलेल्यांना प्रश्न पडला होता की आपली माणसे मुकली का. ती मुकलेली नाहीत, तीच आधी उठतील, मग आपण सर्व एकत्र प्रभूजवळ राहू, असे पौल सांगतो आणि या शब्दांनी एकमेकांचे सांत्वन करा, असे म्हणून तो परिच्छेद संपवतो. ज्याला वडिलांवर माती टाकता आली नाही, अशा मुलाला हे वचन किती खोल लागले असेल, याचा विचार करा. त्या गटाने त्याला बहुधा तारखेच्या आधी ही आशा दिली, आणि आपल्या मंडळीने त्या वेळी कदाचित दिली नाही. तुम्ही गणित खोडायला गेलात की ती आशाच हिरावली जाते, असे त्यांना वाटत असणार. म्हणून वाद थांबवा आणि वडिलांविषयी बोला. दफनविधीचे शब्द ज्यांना ऐकता आले नाहीत त्यांच्यासाठी उशिराने स्मरणोपासना ठेवण्यात काहीच गैर नाही; पाळकसाहेबांना कबरीवर घेऊन जा, तो अध्याय तिथे पूर्ण वाचा, सासूबाईंच्या आवडीचे गीत गा. यजमानांना तिथे प्रार्थना करू द्या आणि त्या दिवशी २०२८चा विषय कोणीही काढू नका.

त्याच चौथ्या अध्यायात, या सांत्वनाच्या अगदी आधी, शांतपणे राहा, आपापले काम करा, आपल्या हातांनी उद्योग करा, असे सांगितले आहे. थेस्सलनीकातल्या काहींनी तरीही काम सोडले असावे, कारण दुसऱ्या पत्रात, प्रभूचा दिवस आलाच आहे अशा कोणाच्या संदेशाने किंवा पत्राने चटकन अस्थिर होऊ नका, असे लिहून पुढे पौल कडक शब्दांत म्हणतो की ज्याला काम करायचे नाही त्याने खाऊही नये. फीच्या वादात याहूनही उपयोगी ठरेल तो यिर्मयाचा ३२वा अध्याय. यरुशलेमेला बाबेलच्या सैन्याचा वेढा पडला आहे, नगर पडणार हे यिर्मयाच स्वतः सांगत आला आहे, तो कैदेत आहे, आणि अशा वेळी देवाच्या सांगण्यावरून तो अनाथोथ येथील शेत सतरा शेकेल रुप्याला विकत घेतो, साक्षीदारांसमोर खरेदीखत करतो आणि ते पुष्कळ दिवस टिकावे म्हणून मातीच्या भांड्यात ठेवायला लावतो. शेवट समोर दिसत असताना कागदपत्र नीट करणारा हा संदेष्टा अविश्वासू होता, असे यजमान म्हणणार नाहीत. शिवाय त्यांच्याच गणिताने पाहिले, तरी २०२८नंतर पैशाला किंमत राहणार नसेल, तर फीचे पैसे वाचवून ठेवण्याचा फायदा तरी कोणाला? आणि गणित चुकले, तर किंमत एकटी मुलगी मोजणार. हे त्यांना एकांतात विचारा, सासूबाईंसमोर नको.

पैशाचा प्रश्न विश्वासाच्या प्रश्नापासून वेगळा करा. त्यांनी मत बदलावे, ही अट घालू नका. परत फिरवता येणार नाहीत असे निर्णय दोघांच्या संमतीशिवाय घ्यायचे नाहीत, एवढेच मागा. भविष्यनिर्वाह निधी मोडणे, घर विकणे, नोकरी सोडणे, मुलीचे शिक्षण थांबवणे हे असे निर्णय आहेत. पीपीएफ खाते चालू राहण्यासाठी वर्षाला किमान ५०० रुपये पुरतात; तेवढे तुम्ही स्वतः भरा. क्लासच्या हप्त्यासाठी तुमच्या पगारातून किंवा माहेरून तात्पुरती सोय होत असेल तर करा, मात्र लपवून नको, कारण लपवलेली पावती सापडली की घरातला विश्वास अधिकच उडतो. अर्पणाबाबत यजमानांना एकच प्रश्न विचारा: हा गट धर्मादाय आयुक्तांकडे नोंदलेला न्यास आहे का, आणि पावती मिळते का? पैसे एखाद्या व्यक्तीच्या खात्यावर जात असतील, तर ते त्यांनी स्वतः पाहणे महत्त्वाचे आहे. २०२८च्या पुढे नियोजन नाही असे म्हणणाऱ्या गटाने दीर्घ मुदतीच्या भाडेकराराची जागा घेतली आहे का, हेही सहज कळले तर पाहा. मला अशा गोष्टी बोलक्या वाटतात.

मुलीचा प्रश्न मात्र थांबवून ठेवण्यासारखा नाही. घर लहान असेल तर सभा इअरफोन लावून ऐकायची, एवढी एक गोष्ट यजमानांकडून आजच कबूल करून घ्या. बाप म्हणून ते हे मान्य करतील असे मला वाटते. बाबा चुकतात, असे तिला सांगत बसू नका, कारण मग तिला तुम्हा दोघांतून एकाची निवड करावी लागेल. बाबांना आजोबांची फार आठवण येते आणि म्हणून ते असे बोलतात, हे तिला समजेल. घराबाहेर जाताना चिठ्ठी किंवा निरोप ठेवायची सवय काही दिवस पाळा. झोप न येणे, छातीत धडधडणे, अभ्यासात लक्ष न लागणे हे चार आठवड्यांहून अधिक चालले असेल, तर केवळ प्रार्थनेवर ठेवू नका. टेली-मानस या सरकारी सेवेचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास चालू असतो आणि मराठीत बोलता येते. केईएम, नायर, सायन या महापालिकेच्या रुग्णालयांत मनोविकार विभाग आहेत. मानसोपचारतज्ज्ञाकडे जाणे म्हणजे देवावर अविश्वास, असे कोणी म्हटले, तर तापाला गोळी देताना त्या व्यक्तीने काय केले होते ते विचारा.

पाळकसाहेबांचे उत्तर मला पुरेसे वाटत नाही, हे मोकळेपणाने लिहितो. सोळाव्या शतकातल्या धर्मसुधारकांपैकी लूथरने १५२२च्या प्रस्तावनेत प्रकटीकरणाविषयी नाखुशी व्यक्त केली आणि कॅल्विनने नव्या करारातल्या जवळजवळ सर्व पुस्तकांवर भाष्ये लिहूनही यावर लिहिले नाही, त्यामुळे संकोचाला मोठी परंपरा आहे. पण व्यासपीठ गप्प राहिले की ती जागा मोबाइल भरून काढतो. तुमच्यासारख्या चार-सहा कुटुंबांनी मिळून त्यांना विनंती करा की ईस्टरपूर्वीच्या उपासकालात किंवा आगमनकालात प्रकटीकरण, दानीएल आणि थेस्सलनीकाकरांची पत्रे सलग, अध्याय न गाळता, शिकवावीत आणि प्रश्न विचारू द्यावेत. अशा वर्गाला यजमानांना बोलवा, उत्तर देण्यासाठी नव्हे तर त्यांचे म्हणणे मांडण्यासाठी. ज्या वाचकांच्या घरी असाच प्रश्न आहे त्यांनीही, कोणाला तरी गटातून बाहेर काढायचे, असे ठरवून सुरुवात करू नये; तसे केले की गटाने आधीच सांगून ठेवलेले ‘छळ होईल’ हे भाकीत आपणच खरे करून दाखवतो.

अडवल्याने विश्वास उणा ठरतो का, याचे उत्तर आता वेगळे द्यायला नको. मत्तय २४च्या शेवटाकडे ज्या विश्वासू दासाचा दाखला आहे तो धनी येईल तेव्हा घरातल्यांना वेळेवर अन्न देताना सापडतो. तारीख मोजताना नाही.

राहिला सभेचा प्रश्न. एकदा बसा. नवऱ्याबरोबर बसलात तर तुमच्या बोलण्याला घरात वजन येईल आणि ते काय ऐकतात, हे तुम्हाला प्रत्यक्ष कळेल. वही घ्या, सांगितलेले प्रत्येक वचन लिहून ठेवा आणि दुसऱ्या दिवशी दोघांनी मिळून ते वचन त्याच्या आधीच्या आणि नंतरच्या दहा वचनांसह वाचा. प्रश्न विचारण्याची संधी मिळाली तर एवढेच विचारा की १ जानेवारी २०२९ रोजी सूर्य उगवला, तर या गटाचे शिक्षक आपल्या सभासदांना काय सांगणार आहेत आणि त्यांचे अर्पण परत मिळेल का. उत्तर काहीही आले, तरी तुम्ही तिथे त्यावर वाद घालू नका; यजमानांनी ते ऐकलेले असेल. आणि सीईटीच्या अर्जाची शेवटची तारीख बघून तो अर्ज या आठवड्यातच भरा.